आमची बोली पडद्यावर फक्त हसवायलाच का?

मे महिन्यात माय उत्तर इंग्लंडमधल्या लीड्सला, माझ्याकडे आली आणि तीन महिने राहिली. बॅगेत बिबडे, कळण्याचं पीठ आणि घरी कुटलेला काळा मसाला. इथे उन्हाळ्यात रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे तिला झोप लागेना. मग जेवणं उरकली की ती, मी आणि माझी तेरा वर्षांची लेक, अशा तिघी सोफ्यावर बसायचो आणि काहीतरी लावायचो. मी सिनेमातली जाणकार नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर रक्ताचे नमुने तपासते आणि संध्याकाळी मिळेल ते बघते. पण त्या तीन महिन्यांत जे पाहिलं, त्याने माझ्या डोक्यात एक जुनी गोष्ट पुन्हा वर आली, म्हणून हे लिहिते आहे.

लेकीच्या शाळेत ‘अ‍ॅडोलेसन्स’ची फार चर्चा होती, म्हणून ती आधी लावली. मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली चार भागांची मालिका. तेरा वर्षांच्या एका मुलाला पहाटे पोलीस घरातून उचलून नेतात, वर्गातल्या मुलीच्या खुनाच्या आरोपावरून. प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये चित्रित केलेला, मध्ये कुठेही कात्री नाही. लेक मला मोबाइलवरच्या खुणांचे अर्थ सांगत होती, मी मायला आमच्या खान्देशातल्या अहिराणी बोलीत गोष्ट सांगत होते. चौथ्या भागाच्या शेवटी मुलाचा बाप त्याच्या रिकाम्या खोलीत जातो, पलंगावर बसतो आणि फुटतो. तिथे मी सांगायची थांबले. मायला इंग्रजीचा एक शब्द येत नाही. ती पदर तोंडाशी धरून बघत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, “हाऊ बाप खरा शे.”

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये हे सांगितलं. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी बाई बार्न्सलीची आहे, खाणकामगाराची मुलगी. ती म्हणाली, खराच असणार, तो आमच्यासारखा बोलतो ना. या मालिकेचं बरंचसं चित्रीकरण आमच्या वेस्ट यॉर्कशायरमध्ये झालं आहे, वेकफिल्डच्या दक्षिणेला साउथ कर्बीच्या बाजूला. त्यातली माणसं उत्तर इंग्लंडच्या धाटणीत बोलतात, शब्द गिळतात, व्यंजनं खातात. मला इथे येऊन अकरा वर्षं झाली, तरी अधूनमधून सबटायटल वाचावी लागली. पण त्या बापाने रडताना आपली बोली सोडली नाही. मालिका करणाऱ्या कुणालाही वाटलं नाही की दुःखाच्या प्रसंगात याने जरा नीट, लंडनसारखं बोलावं.

हे वाचायला साधं वाटेल. मला ते साधं वाटलं नाही, त्याचं कारण सांगते.

मी अमळनेर तालुक्यातली. बोरी नदीच्या काठचं गाव, घरात अहिराणी, शाळेत मराठी. बारावीनंतर पुण्याला शिकायला गेले. दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या एकांकिकेत मला आईची भूमिका मिळाली. एकांकिका विद्यार्थ्यांनीच लिहिलेली होती, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातली. दिग्दर्शक आमच्याच कॉलेजचा, एक वर्ष पुढचा मुलगा. त्याला माझी अहिराणी फार आवडली. पहिल्या दोन प्रवेशांत आई शेजारणीशी भांडते, कोंबडीमागे धावते, सावकाराच्या मुनिमाला उडवून लावते. ते सगळं अहिराणीत ठेवूया, असं त्यानेच सुचवलं. तालमीत मुलं पोट धरून हसायची. मलाही आनंद व्हायचा, माझ्या घरची भाषा पुण्यात कुणाला तरी आवडते म्हणून.

तिसऱ्या प्रवेशात त्या आईचा मुलगा, आमच्या बोलीत आंडोर, विहिरीतून वर काढतात. ती त्याच्याशेजारी बसून त्याला उठवते. वाक्य होतं, “ऊठ ना रे भाऊ, भाकर थंडी व्हई गई.” मी ते तालमीत पहिल्यांदा म्हटलं आणि मागून कुणीतरी हसलं. वाईट हेतूने नाही. दोन प्रवेश त्या आवाजावर हसायची सवय लागली होती, एवढंच. दिग्दर्शकाने तालीम थांबवली आणि मला बाजूला घेऊन समजावलं, शेवटचा प्रवेश शुद्ध भाषेत कर, नाहीतर प्रेक्षक हसतील. स्पर्धेत मी “ऊठ ना रे बाळा, भाकरी गार झाली” असं म्हटलं. बक्षीस मिळालं. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मला त्याचं म्हणणं पटलंही होतं. आज मी त्याला दोष देत नाही. जे त्याने टीव्हीवर, सिनेमात आयुष्यभर पाहिलं, तेच त्याने केलं.

आता घरच्या वादांकडे वळते. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दादा आहे, दोन चुलतभाऊ आहेत, पुतणे आहेत. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय आला, जूनमध्ये तो शब्द बदलून पुन्हा आला, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि ५ जुलैला वरळीत मोठी सभा झाली. त्या दिवसांत आमचा ग्रुप दिवसरात्र पेटलेला होता. निर्णय मागे घेतला हे चांगलं झालं, असं माझं मत आहे. सहा वर्षांच्या पोराला तीन भाषा द्यायची घाई करायला नको होती. पण त्या सगळ्या चर्चेत एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं, आपल्या मायबोलीवर अन्याय होतो. आणि ते लिहिणारा माझा पुतण्या, ज्याची मायबोली अहिराणी, तो स्वतः घरात आता अहिराणी बोलत नाही. त्याच्या आईने त्याला लहानपणापासून तोडून शुद्ध बोलायला लावलं. ती तरी काय करणार? नाशिकच्या शाळेत पोरं चिडवतात, हे तिने भोगलेलं आहे.

दुसरा वाद नेहमीचा, मराठी सिनेमाला स्क्रीन मिळत नाहीत. तोही खरा आहे. मल्टिप्लेक्सनी प्राइम टाइमला मराठी सिनेमा दाखवावा असं सरकारने २०१५ मध्ये सांगितलं, तरी दर दोन महिन्यांनी कुणीतरी निर्माता डोळ्यांत पाणी आणून सांगतो की सकाळी नऊचा खेळ दिला. त्यासाठी भांडायलाच हवं. पण मला दादाला एकदा विचारावंसं वाटलं आणि मी विचारलंही, की समजा उद्या सगळ्या स्क्रीन मिळाल्या, तर त्यावर तुझ्यासारखा बोलणारा एक तरी माणूस असेल का? त्याने उत्तराऐवजी एक विनोदी व्हिडिओ पाठवला.

तो व्हिडिओ मालेगावकडचा होता. त्या भागातले व्हिडिओ यूट्यूबवर कोट्यवधी लोक बघतात, त्यात आमच्या बोलीचे शब्द भरपूर असतात, आणि मलाही ते आवडतात. लग्नात वाजणारी खान्देशी गाणीही जोरात चालतात. म्हणजे बोलीला प्रेक्षक नाही, हे म्हणणं टिकत नाही. प्रेक्षक भरपूर आहे. पण तिला काम दिलंय ते दोनच प्रकारचं, हसवायचं आणि नाचवायचं. टीव्हीवरच्या मराठी मालिकांत तर तेवढंही नाही. माय सकाळ-संध्याकाळ मालिका बघते. त्यांतली घरं पुण्या-मुंबईची. गाव दाखवायचं झालं की ते कोल्हापूर-सातारचं, आणि फार तर मालवणचं. आमच्याकडचं माणूस आलंच तर तो वॉचमन असतो, नाहीतर धुणंभांडी करणारी मावशी. गेल्या गणपतीत आमच्या इथल्या मराठी मंडळाने बसवलेल्या नाटुकल्यातही खान्देशी बोलणारा गडीच होता. सात हजार किलोमीटर लांब येऊन आपण बाकी पुष्कळ काही मागे सोडलं, हे मात्र सोबत आणलं. मी कार्यक्रमानंतर बसवणाऱ्या ताईंशी बोलले. त्या चांगल्या आहेत, त्यांना वाईट वाटलं. पुढच्या वर्षी तूच लिही म्हणाल्या, आणि मी हो म्हटलं आहे.

असं का झालं असावं, याचा मी बराच विचार केला. मला एक कारण दिसतं, ते असं. मुंबईच्या गिरण्यांत कामाला आली ती माणसं मुख्यतः कोकणातली आणि घाटावरची, सातारा-कोल्हापूरची. गिरणगावात त्यांची मंडळं झाली, दशावतारी आणि तमाशे झाले, हौशी नाटकं झाली. मच्छिंद्र कांबळींनी ‘वस्त्रहरण’ मालवणीत केलं तेव्हा मुंबईत त्या बोलीचा प्रेक्षक आधीच बसलेला होता, म्हणून त्या नाटकाचे हजारो प्रयोग झाले. नाटक-सिनेमाचा धंदा मुंबईत, आणि तिकीट काढणारा त्या बोलीचा माणूसही मुंबईतच. आमची माणसं पोटासाठी गेली सुरतेला. सुरत-भुसावळ रेल्वेने अमळनेर, नंदुरबारहून थेट जाता येतं. उधना, लिंबायत या भागांत आजही अहिराणी ऐकू येते. माझे दोन मामा तिथेच लूमवर कामाला होते. म्हणजे आमचा प्रेक्षक गुजरातेत, आणि मराठी सिनेमा मुंबईत. त्यांची गाठच पडली नाही. आमच्यात कलाकार कमी होते, असं कुणी म्हणू नये. वहीगायन या आमच्याकडच्या लोककलेत रात्रभर उभं राहून गाणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत.

आणि संख्या? २०११ च्या जनगणनेत खान्देशी या नावाखाली अठरा लाखांहून अधिक माणसांची नोंद आहे, त्यांतले सोळा लाखांवर अहिराणी सांगणारे. घरी अहिराणी बोलून जनगणनेवाल्याला मराठी सांगणारे, जसे आम्ही, ते त्यात नाहीत. वेल्समध्ये वेल्श बोलणाऱ्यांची संख्या इथल्या २०२१ च्या जनगणनेत साडेपाच लाखांपेक्षा कमी भरली. आणि त्यांच्याकडे त्यांच्या भाषेतली स्वतंत्र टीव्ही वाहिनी आहे.

इथे मला परदेशाचं कौतुक करून थांबायचं नाही, कारण इथेही काहीच आपोआप झालं नाही. बीबीसीवर वर्षानुवर्षं एकाच धाटणीची, लंडनच्या वरच्या वर्गाची इंग्रजी चालायची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॅलिफॅक्सच्या विल्फ्रेड पिकल्स या माणसाने आपल्या यॉर्कशायरच्या उच्चारात बातम्या वाचल्या, तेव्हा अशा आवाजातल्या बातमीवर विश्वास बसत नाही, अशी तक्रार लोकांनी केली होती. हॅलिफॅक्स माझ्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे. वेल्शचं तर त्याहून अवघड. सरकारने वेल्श वाहिनीचं दिलेलं वचन मोडलं, तेव्हा ग्विनफोर इव्हान्स या नेत्याने १९८० मध्ये आमरण उपोषणाची घोषणा केली. सरकार नमलं आणि १ नोव्हेंबर १९८२ ला एस-फोर-सी सुरू झाली. पुढे त्यांनी एक पोलिसी मालिका प्रत्येक प्रसंग दोनदा चित्रित करून केली, एकदा वेल्शमध्ये आणि एकदा इंग्रजीत, तेच नट घेऊन. मी तिची दोन्ही रूपं थोडी थोडी पाहिली. वेल्श मला कळत नाही, पण नट त्यात जास्त मोकळे वाटतात.

बार्न्सलीची माझी सोबतीण सांगते, तरुणपणी लंडनमध्ये मुलाखतीला जाताना तिने बोलायची रीत बदलली होती. आजही काही ठिकाणी ती बदलावी लागते. म्हणजे इथला समाज आपल्यापेक्षा उदार आहे, असं मी म्हणणार नाही. पण मधल्या पन्नास-साठ वर्षांत पडद्याने काहीतरी केलं. ‘हॅपी व्हॅली’ ही बीबीसीची मालिका घ्या, २०१४ ते २०२३ मध्ये तीन टप्प्यांत आली. हॅलिफॅक्स, हेब्डन ब्रिजच्या खोऱ्यातली, लिहिणारी सॅली वेनराइट त्याच भागात वाढलेली. त्यातली पोलीस सार्जंट बाई आपल्या मेलेल्या मुलीबद्दल, नातवाबद्दल ज्या भाषेत बोलते ती तिथल्या बसमध्ये ऐकू येणारी भाषा आहे. शेवटचा भाग लागला त्या रविवारी आमच्या लॅबमध्ये रात्रपाळीची अदलाबदल करण्यासाठी भांडणं झाली. त्या बाईवर कुणी हसलं नाही. इथल्या घरांना टीव्हीच्या परवान्याचे पैसे दरवर्षी भरावे लागतात, २०२५-२६ मध्ये ते १७४ पौंड ५० पेन्स होते. त्यातून बीबीसी चालते, म्हणून हॅलिफॅक्सच्या बाईची गोष्ट लंडनच्या बाईच्या गोष्टीइतक्याच हक्काने दाखवायची जबाबदारी तिच्यावर येते. आपल्याकडे सह्याद्री वाहिनी आहे, मराठी चित्रपटांना शासनाचं अनुदान आहे. तिथे हा हक्क मागायला जागा आहे. मागितला जात नाही.

मायला तिच्या देशाचंही काहीतरी दाखवावं, म्हणून ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ लावला. मालेगाव नाशिक जिल्ह्यात, पण धुळ्याहून तासाभराचा रस्ता, आम्हाला परकं नाही. दिग्दर्शन रीमा कागतीचं, फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. यंत्रमागांच्या त्या गावात नासिर शेख आणि त्याच्या मित्रांनी अगदी थोड्या पैशांत ‘मालेगाव के शोले’ काढला आणि पुढे सुपरमॅनही, त्याची ही गोष्ट. खऱ्या माणसांवर फैजा अहमद खान यांचा माहितीपट आधीपासून आहे. सिनेमा चांगला आहे, त्यांच्यातल्या शफीक या मित्राच्या आजारपणाच्या भागात मायने परत पदर काढला. थिएटरात तो फार चालला नाही याचं मला दुःख आहे. पण एक खटकलं. गाव मालेगाव असूनही बोलणं मुंबईला सहज कळेल असं घासूनपुसून घेतलेलं वाटलं. मालेगावच्या उर्दूत जी मराठी-खान्देशीची मिसळ आहे, ती मला ओळखू येते, कारण आमच्या गावच्या बाजारात बांगड्या विकायला येणारे चाचा तसं बोलायचे. ती मिसळ पडद्यावर मला थोडीच सापडली.

‘स्थळ’ मात्र मी गावी गेले तेव्हा दादाच्या घरी पाहिला, आणि त्याच्यावर जरा जास्त लिहिते. जयंत दिगंबर सोमलकर यांचा हा सिनेमा, टोरंटोच्या महोत्सवात २०२३ मध्ये त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला, आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये लागला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावातली सविता, शिकते आहे, स्पर्धा परीक्षा द्यायची इच्छा आहे, आणि घरी एकामागून एक स्थळं येताहेत. ओळीने बसलेले पुरुष. तेच प्रश्न. नाव काय, शिक्षण काय, उंची किती, शेतातलं काम येतं का? बाप कापसाचा शेतकरी. सुरुवातीलाच एक स्वप्न आहे, त्यात बायका मुलाला बघायला येतात आणि तेच प्रश्न त्याला विचारतात. दादाच्या घरी त्या प्रसंगाला सगळे हसले. पुढे सविता पहिल्यांदा त्या स्टुलावर बसली तेव्हा मात्र खोलीत आवाज बंद झाला. माझी वहिनी उठून आत गेली. तिला सतरा स्थळांनी नाकारलं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

त्या सिनेमात कलाकार बहुतेक तिथलेच आहेत आणि बोलतात तिथलंच. वऱ्हाड-झाडीकडची ती बोली आमच्या बोलीपेक्षा वेगळी, पण प्रमाण मराठीपासून तेवढीच लांब. कुणाला काही अडलं नाही. दादा म्हणतो, अहिराणीत गंभीर सिनेमा काढला तर पुण्यात कोण बघेल? मी म्हणते, तू ‘स्थळ’ बघितलास. ‘सैराट’ २०१६ मध्ये करमाळ्याच्या बोलीत आला आणि शंभर कोटींच्या वर गेला, तेव्हा पुण्याने तो समजून घेतलाच. माझी लेक कोरियन मालिका सबटायटल वाचून बघते. मायने तर यॉर्कशायरचा बाप बघितला. भाषा न कळण्याची भीती लोकांपेक्षा पैसे लावणाऱ्याला जास्त आहे.

दादाचा दुसरा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागला. तो म्हणाला, आपली म्हणजे कुठली बोली? बहिणाबाईंची कविता लोक अहिराणी म्हणून सांगतात, पण असोद्याची ती लेवा गणबोली. रावेर-यावलकडे वेगळं, तावडी पट्ट्यात वेगळं, शहादा-तळोद्याकडे गुजरांचं वेगळं. आणि त्याच्याही पलीकडे सातपुड्यात पावरी आहे, नवापूरकडे मावची आहे. आमच्या शेतावर कापूस वेचायला वरून पावरा कुटुंबं येतात. लहानपणी आम्ही भावंडं त्यांच्या बोलण्याची नक्कल करायचो आणि घरातली मोठी माणसं हसायची. पुण्याच्या तालमीत जे माझ्यासोबत झालं, ते आम्ही आमच्या खळ्यावर दुसऱ्यांसोबत करत होतो. हे लिहिताना मला लाज वाटते आणि ते लिहिल्याशिवाय माझी तक्रार पूर्ण होत नाही.

बोलीचा प्रश्न मला एवढा का लागतो, याचं आणखी एक कारण इथल्या एका मालिकेत आहे. जानेवारी २०२४ च्या पहिल्या चार रात्री आयटीव्हीने ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ दाखवली. होरायझन नावाच्या संगणक प्रणालीच्या चुकांमुळे छोट्या पोस्ट ऑफिसांच्या हिशेबात तूट दिसायची आणि ते चालवणाऱ्या माणसांवर चोरीचा ठपका यायचा. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जण दोषी ठरवले गेले. काही तुरुंगात गेले, घरं विकली, काहींनी जीव दिला. वर्तमानपत्रांनी, एका संगणक नियतकालिकाने हे वर्षानुवर्षं छापलं होतं, कोर्टात निकालही लागले होते. पण देश जागा झाला तो ही मालिका बघून. मे २०२४ मध्ये संसदेने कायदा करून त्या शिक्षा एकदम रद्द केल्या. मी ती मालिका रजा घेऊन बघितली होती. त्यात ब्रिडलिंग्टनचा ली कॅसलटन आहे, वेल्समधल्या लँडुडनोचा अ‍ॅलन बेट्स आहे. पोस्टाच्या काउंटरमागचा माणूस बोलतो तसेच ते बोलतात. बघणाऱ्याला वाटतं, हा माझ्या गल्लीतला माणूस आहे, हा चोर कसा असेल?

आता ती मालिका आठवली की मला दादा दिसतो. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, वर्षअखेरपर्यंत. खरेदी केंद्रावर नोंदणी, ओलावा बारा टक्क्यांच्या आत, मग रांग. घरात लग्न, मजुरांचे पैसे तोंडावर. दादाने अर्धा कापूस खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याला साडेसहा हजाराने दिला. त्याने फोनवर मला ते एका वाक्यात सांगितलं आणि लगेच विषय बदलला. तो व्यापारी ओलावा बघायला मूठ कशी दाबतो, काट्यावर पोतं ठेवताना दादाची नजर कुठे असते, घरी आल्यावर वहिनी काही न विचारता पाण्याचा तांब्या कसा ठेवते, हे मला माहीत आहे. हे कुणी चार भागांत दाखवलं, आणि दाखवताना दादाला त्याच्याच बोलीत बोलू दिलं, तर पुण्या-मुंबईच्या घरात बसलेल्या माणसाला तो आकड्यातला शेतकरी राहणार नाही. अग्रलेख कितीही लिहिले तरी ते होत नाही, हे मी इथे बघितलं. पण ज्याचं बोलणं ऐकून पन्नास वर्षं फक्त हसायची सवय लावली, त्याचं रडणं कुणाला ऐकू येईल?

फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या अमळनेरला साहित्य संमेलन झालं, साने गुरुजींनी जिथे शिकवलं त्या गावात, १९५२ नंतर पुन्हा. दादाने फोटो पाठवले होते, मला फार अभिमान वाटला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. दोन्ही वेळा आमच्या ग्रुपवर अभिनंदनाचे संदेश शुद्ध मराठीत आले. अहिराणीत फक्त मायने एक व्हॉइस मेसेज पाठवला होता, आणि त्यात ती मांडवात जेवणाला किती गर्दी झाली ते सांगत होती.

ऑगस्टमध्ये माय परत जायच्या आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात भाकरी करत होती. इथल्या गॅसवर तिला तवा नीट तापत नाही. लेक टेबलाशी बसून अभ्यास करत होती. बोलता बोलता मी मायला ती कॉलेजमधली एकांकिका सांगितली, बक्षिसाचं तिला माहीत होतं, बाकीचं कधी सांगितलं नव्हतं. शेवटच्या प्रवेशातलं वाक्य मी तिला म्हणून दाखवलं, आधी लिहिलं होतं तसं.

“ऊठ ना रे भाऊ, भाकर थंडी व्हई गई.”

तिने गॅस बंद केला. हाताला पीठ तसंच होतं. लेकीनेही वर बघितलं.

“कोना आंडोर व्हता तो?” मायने विचारलं.